मामाचं गाव आता चाकांवर

नोकरी संपली, मुलं मोठी झाली आणि माझे मामा-मामी घर भाड्याने देऊन जंगलात राहायला गेले. सोबत एक ट्रेलर, एक पिकअप ट्रक आणि संडास घासायचा ब्रश. अमेरिकेतल्या ‘कॅम्प होस्ट’ नावाच्या या भन्नाट, पण घामाच्या कामाची ही घरातली गोष्ट.

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला आणि अख्खा ग्रुप गप्प झाला.

एरवी हा ग्रुप कधीच गप्प नसतो. पहाटे पाचला पहिलं गुलाबाचं फूल येतं आणि रात्री अकराला कुणीतरी काढ्याचा फॉरवर्ड टाकतं. पण त्या दिवशी मामाने फोटो टाकला. मागे पाइनची उंचच उंच झाडं, पुढे तपकिरी रंगाची एक छोटी खोली आणि तिच्या दारात आमचा मामा. डोक्यावर टोपी, अंगात ‘व्हॉलंटिअर’ लिहिलेलं जॅकेट, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात ब्रश. खाली ओळ होती, ‘आजचं ऑफिस’.

चाळीस मिनिटं कुणाचंच उत्तर नाही. मग एका नातेवाइकांनी लिहिलं, ‘तिकडे जाऊन हेच करायचं होतं, तर इथे काय वाईट होतं?’ मामाने त्याला अंगठा दिला आणि विषय संपवला. म्हणजे त्याच्यापुरता संपवला. सांगलीला आजीकडे तो संपला नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की आजी आता सांगते, ‘सरकारी जंगल खात्यात आहे तो.’ जे अगदीच खोटं नाही.

मामा चौसष्ट वर्षांचा आहे. तीस वर्षं अमेरिकेत इंजिनीअर म्हणून काम केलं. आता तो आणि मामी मे ते सप्टेंबर ओरेगन राज्यातल्या डेशूट्स नॅशनल फॉरेस्टमध्ये एका कॅम्पग्राउंडवर राहतात आणि ते सांभाळतात. पगार शून्य. आमच्या पानासाठी ‘हटके सुट्टी’ असा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, आपल्या घरातच एक हटके केस आहे. फोन लावला.

फोन लावणंही सोपं नव्हतं. कॅम्पग्राउंडवर रेंज नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, ते दोघं बेंड नावाच्या गावात किराणा आणायला आणि कपडे धुवायला येतात. त्यामुळे माझे सगळे इंटरव्ह्यू लाँड्रीतल्या मशिनच्या घरघरीत झाले. इथे सकाळचे साडेआठ, तिथे आदल्या रात्रीचे आठ.

होस्ट म्हणजे नक्की कोण?

आधी एक गोंधळ मिटवू. अमेरिकेत ‘नॅशनल पार्क’ वेगळं आणि ‘नॅशनल फॉरेस्ट’ वेगळं. यलोस्टोन, योसेमिटी ही पार्क्स. ती नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे गृह नव्हे, पण ‘इंटीरिअर’ नावाच्या खात्याकडे. नॅशनल फॉरेस्ट्स सांभाळते १९०५ साली सुरू झालेली फॉरेस्ट सर्व्हिस, आणि ती चक्क शेती खात्याखाली येते. १५४ जंगलं, २० गवताळ प्रदेश, सगळं मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. साधारण अडीच महाराष्ट्र बसतील एवढी जमीन. त्यात हजारो कॅम्पग्राउंड्स. लोक तंबू, व्हॅन, ट्रेलर घेऊन येतात, ठरलेल्या जागेवर तळ ठोकतात, शेकोटी करतात आणि जातात.

प्रत्येक ठिकाणी सरकारी माणूस बसवणं शक्य नसतं. मग कॅम्पग्राउंडच्या तोंडाशीच एक जागा होस्टसाठी राखलेली असते. होस्टने स्वतःची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन यायचं आणि तिथे सीझनभर राहायचं. बदल्यात जागा फुकट. बऱ्याच ठिकाणी वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी मिळते, काही ठिकाणी थोडा भत्ता आणि गॅस. १९७२ साली अमेरिकेच्या संसदेने खास कायदा करून फॉरेस्ट सर्व्हिसला असे स्वयंसेवक घ्यायची परवानगी दिली. रीतसर करारपत्र होतं. काम करताना दुखापत झाली तर उपचार आणि भरपाईपुरतं स्वयंसेवकाला सरकारी कर्मचारी धरतात.

‘म्हणजे जंगलात फुकट राहायचं, बास?’ मी विचारलं.

मामी मागून हसली. ‘ये एकदा. सकाळी सातला फावडं देते हातात.’

राख, ब्रश आणि दोन हजार प्रश्न

फावडं राखेसाठी. प्रत्येक तळावर शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. लोक गेले की त्यातली राख काढायची. राखेत काय काय सापडतं? वितळलेल्या बाटल्या, अॅल्युमिनियम फॉइल, खिळे, एकदा तर अर्धी जळालेली चप्पल. पण मुख्य भीती वेगळीच. वरून विझलेली दिसणारी शेकोटी आत धगधगत असते. म्हणून तिथला मंत्र आहे: पाणी ओता, ढवळा, हाताने चाचपा. हाताला गरम लागलं तर पुन्हा पाणी. ‘हात लावता येत नसेल तर सोडून जाता येत नाही,’ हे वाक्य मामा दिवसातून वीस वेळा बोलतो.

मग शौचालयं. तिथे फ्लश नसतो. खाली मोठी काँक्रीटची टाकी, वर बसायची जागा आणि वास बाहेर जायला उंच पाइप. टाकी उपसायला ट्रक येतो, ते होस्टचं काम नाही. होस्टने आतली खोली घासायची, जमीन धुवायची, कागद भरायचा. दिवसातून एकदा, शनिवार-रविवारी दोनदा.

मामी पाट्या सांभाळते. प्रत्येक जागेच्या खांबावर बुकिंगची चिठ्ठी लावायची, म्हणजे कुठला तळ कुणाचा, कधीपर्यंत, हे कळतं. एका माणसाला सहसा चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. रात्री दहानंतर शांतता. अन्न उघड्यावर ठेवायचं नाही, कारण काळी अस्वलं आहेत आणि अस्वलांपेक्षा धीट खारी आहेत. जळाऊ लाकूड लांबून आणायचं नाही. मला हा नियम फालतू वाटला होता. पण लाकडातून कीड येते. ‘एमराल्ड अॅश बोरर’ नावाचा हिरवा चकचकीत भुंगा अमेरिकेच्या पूर्वेकडे अॅशची झाडं मारत सुटला होता, तो २०२२ मध्ये ओरेगनमध्ये सापडला. एका मोळीची किंमत अख्ख्या जंगलाला मोजावी लागू शकते.

उरलेला वेळ प्रश्नांचा. इथे रेंज कुठे येते? डास कधी जातात? (जुलैत तरी नाही.) पाणी प्यायचं का? तुम्ही मूळचे कुठले? शेवटच्या प्रश्नाला मामा ‘सांगली’ म्हणतो आणि मग हळद, नाट्यपंढरी असं पाच मिनिटांचं लेक्चर देतो.

आणि कुणी ऐकलंच नाही तर? ‘मी पोलिस नाही,’ मामा म्हणाला. ‘मला दंड करता येत नाही, कुणाला बाहेर काढता येत नाही. गोड बोलायचं. दोनदा सांगायचं. तरी नाहीच ऐकलं तर रेंजरला कळवायचं. तीस वर्षं ऑफिसात मॅनेजर होतो, पण माणसांशी बोलायला इथे शिकलो.’

तीस फुटांचा संसार

आता आपल्याला सगळ्यात जास्त उत्सुकता असते ती या घराची. इन्स्टावर ‘व्हॅन लाइफ’ म्हणजे पांढरी चादर, कॉफीचा मग आणि दारातून दिसणारा तलाव. मामीचा ट्रेलर तीस फुटी आहे आणि दारातून दिसतो तो कचऱ्याचा डबा.

ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या पाण्याची आणि एक संडासाची. तिसरी भरली की ठरलेल्या जागी नेऊन जाड पाइप लावून रिकामी करायची. हे काम मामाचं, कारण मामीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. अंघोळ तीन मिनिटांत. कुकरच्या शिट्ट्या मोजून, कारण गॅस सिलिंडर संपला तर गावात जाईपर्यंत गार जेवण. फ्रिज एवढासा. भांडण झालं तर जायला दुसरी खोली नाही. ‘मग काय करता?’ ‘मी राखेचं फावडं घेऊन निघते,’ मामी म्हणाली. ‘जंगल मोठं आहे.’

सुरुवातीला ती तयार नव्हती. तिला सामान कमी करायचा त्रास झाला. चांदीची भांडी मुलीकडे गेली, पुस्तकं लायब्ररीला दिली, साड्यांपैकी चार ठेवल्या. देव्हारा मात्र आहे, मायक्रोवेव्हच्या वरच्या कप्प्यात. ट्रेलर हलवायचा असला की गणपती टॉवेलमध्ये गुंडाळून ओट्याच्या ड्रॉवरमध्ये.

ऑक्टोबरला कॅस्केड पर्वतात बर्फ पडायला लागतो, तलावांकडे जाणारा रस्ता हिवाळाभर बंद होतो. मग हे दोघं दक्षिणेला, ॲरिझोनाच्या उन्हात. तिथे त्यांच्यासारखी हजारो चाकांवरची घरं हिवाळ्यात जमतात. पक्ष्यांसारखं. म्हणून त्यांना म्हणतातही ‘स्नोबर्ड्स’.

धुराची रात्र

हे सगळं ऐकताना मला वाटत होतं, छान, मजेशीर स्टोरी झाली. मग मामाने मागच्या ऑगस्टची गोष्ट सांगितली.

ओरेगनमध्ये उन्हाळ्याचा शेवट म्हणजे वणव्यांचा सीझन. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जोरदार पूर्वेचा वारा सुटला आणि त्या राज्यात काही दिवसांत गावंच्या गावं जळाली, हे तिथे कुणी विसरलेलं नाही. तिथे स्थलांतराच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, तयारीत राहा. दुसरी, सामान बांधून उभे राहा. तिसरी, आत्ता निघा.

त्या दिवशी दुपारपासून सूर्य नारिंगी दिसत होता. संध्याकाळी रेंजरची गाडी आली. आग डोंगरापलीकडे होती, पण वारा फिरला होता. दुसरी पायरी जाहीर झाली होती आणि कॅम्पग्राउंड रिकामं करायचं ठरलं. रेंजरला पुढे आणखी दोन कॅम्पग्राउंड्स गाठायचे होते. तो निघून गेला.

मामा आणि मामी दोन बाजूंनी निघाले. प्रत्येक तंबूपाशी जायचं, हाक मारायची, सांगायचं. मामीच्या हातात तिच्या चिठ्ठ्यांची वही. कोण कुठे आहे, किती माणसं आहेत, लहान मुलं आहेत का, सगळं त्यात. निघालेल्या प्रत्येक गाडीपुढे ती टिक करत होती.

एका ओळीपुढे टिक होईना. सत्तरीचे एक गृहस्थ, एकटे, छोटा तंबू. गाडी होती, माणूस नव्हता. सकाळी तलावाकडे फिरायला जातो म्हणाले होते. मामीला ते आठवत होतं, कारण तिने त्यांना पाण्याची बाटली भरून दिली होती.

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘ट्रेलर जोडून ठेवला. त्याला आमच्या हाताने पाऊण तास लागतो. आणि थांबलो. ही हॉर्न वाजवत बसली. पाच मिनिटं वाजवायचा, पाच मिनिटं ऐकायचं.’

ते आले. वाट चुकले होते, हॉर्नच्या दिशेने चालत आले. तंबू तसाच टाकून त्यांना गाडीत बसवलं आणि सगळ्यात शेवटी हे दोघं बाहेर पडले. आग शेवटी तिथपर्यंत आली नाही. दहा दिवसांनी ते परतले तेव्हा तंबू तसाच उभा होता, वर राखेचा पातळ थर.

फोनवर मशिनची घरघर थांबली होती. मामी म्हणाली, ‘लोकांना वाटतं चिठ्ठ्या लावायचं कसलं काम. पण वहीत नाव नसतं तर आम्ही निघालो असतो गं.’

फुकटचं काम, कुणाच्या जागी?

पत्रकारितेच्या वर्गात सर एक गोष्ट सारखी सांगतात: घरच्या माणसाची बातमी करताना दुप्पट प्रश्न विचार. म्हणून मी विचारलं, हे काम पगारी माणसाने करायला नको का?

प्रश्न हवेतला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या दोन हजारांहून अधिक नव्या कर्मचाऱ्यांना एकदम कामावरून कमी केलं. त्यातल्या अनेकांना नंतर परत बोलावलं, पण धक्का बसायचा तो बसलाच. पायवाटा साफ करणारे, शौचालयं बघणारे, गरज पडली तर आग विझवायला जाणारे असे ते लोक. अशा वेळी फुकट काम करणारे हात म्हणजे मदत, की पगार कापणाऱ्यांची सोय?

दुसरी बाजूही आहे. ‘नोमॅडलँड’ सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, २०२१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर त्याला मिळाला. तो जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंच्या २०१७ च्या पुस्तकावरून केलेला. त्यातली लिंडा मे साठी ओलांडल्यावर कॅलिफोर्नियातल्या जंगलात कॅम्प होस्ट होते. हौस म्हणून नाही, पेन्शन पुरत नाही म्हणून. कारण बरीच कॅम्पग्राउंड्स खासगी कंपन्यांना चालवायला दिलेली असतात आणि तिथले होस्ट थोड्या पगारावरचे कामगार असतात. म्हणजे शेजारशेजारच्या दोन ट्रेलरमध्ये एक जण मजेसाठी राहतो आणि एक जण नाइलाजाने.

मामा जरा वेळ गप्प राहिला. ‘खरंय,’ तो म्हणाला. ‘आमचं घर भाड्यावर आहे, त्याचे पैसे येतात. म्हणून हे परवडतं. आमच्या पलीकडच्या कॅम्पग्राउंडवरच्या बाईला घरच नाही. तिच्यापुढे मी सेवा-बिवा असलं बोलत नाही.’ मग म्हणाला, ‘मी नसतो तर इथे पगारी माणूस आला असता का? नाही. कॅम्पग्राउंड बंद ठेवलं असतं. पण हे उत्तर पुरेसं नाही, ते मलाही कळतं.’

मला ते आवडलं. मोठी माणसं आपल्यासमोर सहसा असं कबूल करत नाहीत.

ब्रशचा प्रश्न

आता त्या फोटोकडे येते. आणि एका कबुलीकडे.

सेकंड इयरला मी एनएसएसमध्ये होते. दोन वर्षांत २४० तास भरायचे, सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. आमचं शिबिर एका गावातल्या शाळेत होतं. ड्युट्यांची यादी लागली, माझ्या नावापुढे शौचालय. मी मैत्रिणीबरोबर ड्युटी बदलली आणि भाजी चिरली. तीन वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. सर्टिफिकेटवर तास पूर्ण आहेत.

मामाचा फोटो बघून आम्ही सगळे का गप्प झालो? तो राख काढताना दिसला असता तर हार्ट आले असते. चिठ्ठ्या लावताना दिसला असता तर ‘प्राउड ऑफ यू’. अडचण ब्रशची होती. गाडगेबाबांचा खराटा आपण भाषणात घेतो, घरात नाही. आपल्याकडे हे काम कुणी करायचं हे शेकडो वर्षं जातीने ठरवलं. २०१३ साली कायदा करून हाताने मैला साफ करायला लावणं गुन्हा ठरवावं लागलं, तरी गटारात उतरून माणसं मरतात. त्यामुळे ‘मामा किती ग्रेट’ म्हणून मी हा लेख संपवू शकत नाही. त्याने ब्रश निवडला. ज्यांना निवडायलाच मिळालं नाही, त्यांचे फोटो कुठल्याच फॅमिली ग्रुपवर येत नाहीत.

पण निवडता येत असूनही आपण निवडत नाही, हे माझ्यापुरतं तरी खरं आहे. मागच्या महिन्यात मित्रमैत्रिणींबरोबर एका किल्ल्यावर गेले होते. पाण्याच्या टाक्याशेजारी प्लास्टिकचा ढीग होता. आम्ही आमचा कचरा खाली आणला, स्वतःवर खूश झालो. त्या ढिगाला कुणी हात लावला नाही. ‘आपला नाहीये.’ मामाच्या कॅम्पग्राउंडवरच्या राखेतली चप्पल तरी कुठे त्याची होती?

गेल्या रविवारी मी सांगलीला गेले आणि लाँड्रीतल्या मामाला आजीच्या फोनवर व्हिडीओ कॉल लावून दिला. आजीने चष्मा लावला. सून दिसली, मुलगा दिसला. मी मुद्दाम म्हटलं, ‘मामा, आजीला सांग ना तू दिवसभर काय करतोस.’

त्याने सगळं सांगितलं. राख, चिठ्ठ्या, शौचालय, धूर, ते हरवलेले आजोबा. आजी काही बोलली नाही. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘हातमोजे घालतोस ना रे?’

‘घालतो आई.’

‘आणि तो माणूस जेवला होता का नंतर?’

‘हो. हिने त्याला खिचडी केली.’

‘बरं,’ आजी म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. शेजारच्या काकूंना ती अजूनही ‘जंगल खात्यात’ असंच सांगते. पण परवा पुढे एक वाक्य जोडलं म्हणे, ‘तिथली सगळी व्यवस्था तोच बघतो.’

तुम्हालाही करायचंय? आधी हे वाचा

• अमेरिकेत शिकायला जाणार असाल, तर सरकारी जंगलं-पार्क्सची स्वयंसेवेची कामं ‘व्हॉलंटिअर डॉट गव्ह’ या एकाच ठिकाणी मिळतात. आरव्ही नसलेल्यांसाठी पायवाटा दुरुस्ती, रोपलागवड अशी एकेका दिवसाचीही कामं असतात.

• स्टुडंट व्हिसावर असाल तर थांबा. फुकट जागा, भत्ता या गोष्टी ‘मोबदला’ ठरू शकतात. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

• २५० तास स्वयंसेवा केली की तिथल्या केंद्र सरकारी पार्क्स-जंगलांचा वर्षभराचा प्रवेश पास फुकट मिळतो. आपल्या एनएसएसच्या तासांपेक्षा दहाच जास्त!

• इथेच काही करायचंय? बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राण्यांच्या नोंदी करता येतात. जागा मोजक्या, त्यामुळे नोंदणीवर लक्ष ठेवा. तुमच्या जिल्ह्यात गडसंवर्धन करणारे गट असतातच, पावसाळ्याआधी टाक्यांतला गाळ काढायला त्यांना माणसं हवीच असतात.

• आणि शिबिरात ड्युट्यांची यादी लागली, तर भाजी चिरायला पळू नका. मी पळाले होते. अजून लक्षात आहे.